कुंदा किलोवर, मांडे नगावर

पत्र थोडक्यात असं आहे: "मी २४ वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बी.कॉम. बेळगावात. दीड वर्ष झालं, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) डिस्पॅचला आहे. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका पार्टीला मेल टाकला, त्यात 'प्लीज सेंड द इन्फॉर्मेशन्स ऑफ ऑल इक्विपमेंट्स' असं लिहिलं. आमचे सिनियर इंग्लिश मीडियमचे, त्यांनी तो मेल चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, 'इन्फॉर्मेशन्स'वर थांबले आणि हसले, मग सगळेच हसले. तेव्हापासून मेल लिहायला हात उचलत नाही. प्रत्येक मेल आधी मोबाइलवर तपासते, मग मैत्रिणीला दाखवते, मग पाठवते. पुण्याहून उत्तर त्याच दिवशी संध्याकाळी आलं होतं, पण ते जाऊदे. टिळकवाडीत एक स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, तीन महिन्यांचे १५ हजार सांगतात, माझा एक पगार त्यात जातो. वहिनी म्हणते, पोराला तरी इंग्लिश मीडियमला घालूया, आत्यासारखं व्हायला नको. काउंटेबल-अनकाउंटेबलची लिस्ट दोनदा पाठ केली, डोक्यात राहत नाही. मराठी मीडियमवाल्यांचं हे असंच असतं काय? क्लास लावू काय?"

अगं, वयाने तू माझ्या धाकट्या लेकीएवढी, म्हणून एकेरीतच बोलते, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात एक वाक्य तू "पण ते जाऊदे" म्हणून सोडून दिलंस, मी ते जाऊ देणार नाही. पुण्याच्या पार्टीने संध्याकाळी उत्तर पाठवलं. म्हणजे मेल पोचला, कळला, काम झालं. तिथल्या माणसाला तुझा तो एस दिसला असेल नसेल, त्याने माल कुठला, पॅकिंग कसलं ते बघितलं आणि माहिती पाठवली. हसले ते ज्यांना त्या मेलशी काही घेणंदेणं नव्हतं ते. हे एकदा नीट वेगळं करून ठेव, कारण तू दोन गोष्टी एका पिशवीत भरून मला पाठवल्यायस: एक व्याकरणाची चूक, ती छोटी आहे, आणि एक चारचौघांत झालेला अपमान, तो छोटा नाही. १५ हजार तू पहिल्यासाठी भरणार आहेस की दुसऱ्यासाठी, हे मला पत्रावरून कळेना.

चूक झालीच नाही असं मी म्हणत नाही हं. झाली. इन्फॉर्मेशनला एस लागत नाही, इक्विपमेंटला पण नाही.

माझी सांगते. नवीन नवीन नोकरीला लागले होते, सत्त्याऐंशी साल असेल, गावातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला. हो, इंग्रजीच शिकवायला! गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मला नोटीस बोर्डवर सूचना लिहायला सांगितली, मी ऐटीत खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, "ऑल फर्निचर्स शुड बी केप्ट इन द हॉल". हेडमास्तर आले, वाचलं, आजूबाजूला कोण आहे बघितलं, कोणी नव्हतं, मग अंगठ्याने फक्त तो शेवटचा एस पुसला, अंगठा धोतराला पुसला आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर आजतागायत माझ्या हातून तो एस पडलेला नाही, आणि मला त्याची लाज पण वाटत नाही, बघ की, सगळ्यांना सांगत फिरते. तुझे सिनियर आणि ते हेडमास्तर, दोघांनी चूक एकच दाखवली.

आता मूळ मुद्द्याला येते. तुला शाळेत काय सांगितलं असेल मला माहितीय, कारण मीच वर्षानुवर्षं ते सांगितलंय: जे मोजता येतं ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. पेन मोजता येतं, पाणी मोजता येत नाही. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण हे वाक्य अर्धवट आहे गं, आणि तुझी लिस्ट डोक्यात राहत नाही त्याचं कारण हेच. फर्निचर मोजता येत नाही होय? चार खुर्च्या आणि एक कपाट, झाले की पाच. लगेज मोजता येत नाही? एसटीचा कंडक्टर मोजतोच आणि वर पैसे पण घेतो. पैसे मोजता येत नाहीत? मग बँकेत बसून दिवसभर काय करतात? आणि मनी तर अनकाउंटेबल!

खरी गोष्ट अशी की वस्तू मोजता येते का हा प्रश्नच नाही. ती भाषा त्या शब्दाला कुठल्या कॉलममध्ये लिहिते हा प्रश्न आहे. तू डिस्पॅचला आहेस म्हणून तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. तुझ्या चलनावर दोन कॉलम असतात, नग आणि वजन. कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, नगावर पण जातं, वजनावर पण. स्क्रॅप फक्त वजनावर. वाळू वजनावर नाहीतर ट्रकवर, "दोन वाळू पाठवा" असं कोणी म्हणणार नाही, "वाळूचे दोन ट्रक" म्हणणार. इंग्रजीने आपली सगळी नामं अशी दोन कॉलमांत वाटून टाकलीत. इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, मशिनरी, सॉफ्टवेअर, फीडबॅक, हे सगळे वजनाच्या कॉलममधले. डिटेल, टिप, चेअर, बॅग, मशीन, प्रोग्रॅम, कमेंट, हे नगाच्या. वस्तू तीच, कॉलम वेगळा. नगाच्या कॉलमला एस लागतो, एकटा असला तर आधी अ किंवा ॲन लागतो, विचारायचं तर हाऊ मेनी. वजनाच्या कॉलमला एस नाही, अ-ॲन नाही, हाऊ मच.

आणि हे तू मराठीत रोज करतेस. बेळगावच्या मिठाईच्या दुकानात तू कधी "दोन कुंदे द्या" म्हणालीयस काय? पाव किलो कुंदा, नाहीतर कुंद्याचा एक डबा. पण लग्नातले मांडे मात्र चार द्या, दहा द्या, मांडे नगावर. दोन्ही गोड, दोन्ही आपल्या बेळगावचे, एक वजनाचा आणि एक नगाचा, आणि हे आपल्याला कुठल्या मास्तरांनी शिकवलं नाही. पोहे बघ, कायम अनेकवचन, "पोहे झाले", एक पोहा कोण म्हणतं! भात मात्र एकवचन, "भात झाला". त्याच भाताचे तांदूळ असताना ते परत अनेकवचनात, "तांदूळ निवडले". इंग्रजीत दोन्हीला राइस, संपलं. आपण केस विंचरले म्हणतो, इंग्रज हेअर एकवचनात धरतो, आणि आमटीत एक सापडला की मात्र अ हेअर म्हणून बरोबर मोजतो. आपल्या बातम्या लागल्या, त्यांची न्यूज इज, शेवटी एस असून एकवचन. व्हीट एकवचन आणि ओट्स अनेकवचन, दोन्ही धान्यंच. यात लॉजिक शोधत बसलीस तर रात्र जाईल, मी शोधलंय, गेलीय.

आता एक गंमत बघ. तू घरी मराठीत बोलताना म्हणतेस, "दादाने नवीन फर्निचर केलं", "गोगटे सर्कलला लय ट्रॅफिक होतं", "लगेज भरपूर आहे". "फर्निचरं केली" म्हणतेस काय? "ट्रॅफिकं होती" म्हणतेस? नाही. माहिती हा आपला शब्द तर अगदी इन्फॉर्मेशनसारखाच वागतो, "दोन माहित्या दे" म्हणून बघ, स्वतःलाच हसू येईल. म्हणजे हे शब्द वजनाच्या कॉलममधले आहेत हे तुझ्या मराठी जिभेला पक्कं माहितीय. तुझ्या मराठीने तुला हा एस दिलेला नाही. मग आला कुठून?

शाळेतून. आपल्याकडे एक दगड दोन दगड, एक हात दोन हात, असे पुष्कळ शब्द बदलतच नाहीत, आणि कानावर कन्नड तर त्याहून मोकळी, "एरडु पुस्तक" म्हटलं की झालं, पुस्तकाला काही लावायची सक्ती नाही. (माणसं मोजताना मात्र कन्नड एकदम कडक होते, एरडु-मूरु नाही चालत, इब्बरु, मूवरु, आपल्या दोघं-तिघंसारखं. म्हणजे कॉलम तिथे पण आहेत, पाडलेत फक्त दुसरीकडून.) तर आपली पोरं "टू बुक", "फाइव्ह स्टोन" लिहायची, आणि आम्ही मास्तर लोक लाल पेनाने प्रत्येक ठिकाणी एस घालून मार्क कापायचो. अशी दहा वर्षं काढलेलं पोर काय करेल? जिथे एकापेक्षा जास्त दिसेल तिथे एस मारून मोकळं होईल, नको ती कटकट. तुझा 'इन्फॉर्मेशन्स' हा त्या लाल पेनाला घाबरून जास्तीचा घातलेला एस आहे. नियम न शिकलेलं पोर अशी चूक करत नाही, नियम जरा जास्तच मनावर घेतलेलं करतं.

आणि ही चूक फक्त आपली नाही. जर्मन माणूस त्याच्या भाषेत इन्फॉर्मेशनचं अनेकवचन बिनधास्त करतो, फ्रेंच पण करतो, म्हणून ते इंग्रजीत लिहितात तेव्हा त्यांच्याकडून पण 'इन्फॉर्मेशन्स' पडतो. उद्या तुमच्या कंपनीला जर्मनीच्या पार्टीचा असा मेल आला तर सिनियर तो चहाला वाचून दाखवतील असं मला वाटत नाही. खुद्द इंग्रजांचं ऐक. वाटाण्याला आधी त्यांच्याकडे पीज हा शब्द होता, आपल्या डाळीसारखा, वजनाचा. शेवटी स-झ चा आवाज ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचन आहे, मग त्यातून एक दाणा म्हणून पी काढला, सतराव्या शतकाच्या सुमाराला. आज पी हा शब्द बरोबर आहे आणि पीज त्याचं अनेकवचन आहे. चुकीवर चूक झाली आणि डिक्शनरी झाली! २००८ साली तिकडे टेस्को नावाच्या मोठ्या दुकानांच्या साखळीने 'टेन आयटम्स ऑर लेस' असल्या पाट्या बदलायला घेतल्या, कारण नगासाठी लेस नको फ्यूअर पाहिजे म्हणून लोक मागे लागले होते. म्हणजे ज्यांची भाषा त्यांच्यातच भांडण आहे.

हे सगळं ऐकून "मग एस लावला काय, न लावला काय" असं मात्र म्हणू नकोस, कारण काही ठिकाणी तो एस महागात पडतो, आणि ती ठिकाणं नेमकी तुझ्याच टेबलावरची आहेत. डॅमेज आणि डॅमेजेस. वाटेत माल खराब झाला, फुटला, ते डॅमेज, एस नाही. डॅमेजेस म्हणजे कोर्टात मागतात ती नुकसानभरपाई, पैसे. "वी ॲक्सेप्ट द डॅमेजेस" असं तू भोळेपणाने लिहिलंस तर समोरचा म्हणेल, वा, भरपाई द्यायला तयार आहेत. त्यापेक्षा "ट्वेल्व कास्टिंग्ज वेअर डॅमेज्ड" लिही, नामच टाळलं, भानगड मिटली. कास्टिंग शब्द पण बघ: ओतायची क्रिया म्हणून कास्टिंग, एस नाही, आणि तयार झालेले नग म्हणजे कास्टिंग्ज. आयर्न म्हणजे लोखंड, पण ॲन आयर्न म्हणजे इस्त्री. स्टील वजनाचं, पण वेगवेगळ्या ग्रेड सांगायच्या असल्या की स्टील्स चालतं. वर्क म्हणजे काम आणि वर्क्स म्हणजे कारखाना. गुड्स कायम एस घेऊनच येणार. पेपर कागद असला तर वजनाचा, पेपर्स म्हणजे डॉक्युमेंट. कॉफी वजनाची, पण हॉटेलात टू कॉफीज चालतं, आपण "दोन चहा" म्हणतो तसंच. म्हणजे बरेच शब्द कामानुसार इकडून तिकडे उडी मारतात, म्हणून ती पाठ करायची लिस्ट मला कधीच आवडली नाही, शब्द तिथे एका जागी बसलेले असतात.

तर काय करायचं. गेल्या सहा महिन्यांतले तू पाठवलेले मेल उघड आणि एका वहीत त्यातली नामं काढ. माझा अंदाज, तीस-चाळीसच्या वर जाणार नाहीत, डिस्पॅचच्या मेलात शेक्सपिअर थोडाच असतो. दोन कॉलम आख, नग आणि वजन, आणि एकेक शब्द त्यात घाल. शंका आली तर मोबाइलवर शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी बघ, केंब्रिज, ऑक्सफर्ड लर्नर्स, लॉंगमन, कुठलीही चालेल, फुकट आहेत. शब्दाजवळ सी किंवा काउंटेबल दिसलं की नग, यू किंवा अनकाउंटेबल दिसलं की वजन, दोन्ही दिसले की उडी मारणारा, मग खालची उदाहरणं वाचायची. ती सी-यूची खूण तुझ्यामाझ्यासारख्यांसाठीच आहे बरं का. हॉर्नबी नावाचे इंग्रज मास्तर जपानात शिकवायचे, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर तिथल्या शिकणाऱ्यांसाठी डिक्शनरी केली, ती १९४२ साली टोकियोत निघाली, त्यात ही मोजायची-न मोजायची खूण होती, आणि तीच पुढे १९४८ला ऑक्सफर्डने काढली. जपानातल्या पोरांना पण हे जड जात होतं, दुसरं काय!

वजनाच्या शब्दाचे नग सांगायचे असतील तर एलआरवर (ट्रकवाल्याच्या पावतीवर) तू जो 'नग' लिहितेस तोच इंग्रजीत पीस ऑफ किंवा आयटम ऑफ. थ्री पीसेस ऑफ इक्विपमेंट, टू आयटम्स ऑफ फर्निचर. एस नगाला लागला, मालाला नाही. पण खरं सांगू, मी स्वतः पीस ऑफ फार वापरत नाही, जरा पुस्तकी वाटतं. सरळ शब्दच बदलते. इन्फॉर्मेशनऐवजी डिटेल्स, इक्विपमेंटऐवजी मशीन्स नाहीतर नेमकं काय आहे ते नाव, ॲडव्हाइसऐवजी सजेशन्स. आणि मैत्रिणीला मेल दाखवायचा तर दाखव, त्यात काही कमीपणा नाही, फक्त तिला "बरोबर आहे काय" असं विचारू नकोस, "या दोन शब्दांचा कॉलम बरोबर आहे काय" असं विचार. मग महिन्याभरात विचारायची गरज उरत नाही. मोबाइलवर तपासतेस ते पण चालू ठेव, पण त्याने बदललेलं एकदा वाचून बघ, तो डॅमेजेस बिनदिक्कत पास करतो, कारण त्याच्या दृष्टीने स्पेलिंग बरोबर असतं.

क्लासचं सांगायचं तर नुसत्या या एसासाठी लावू नकोस, एक वही आणि दोन रविवारचं काम आहे ते. बोलायला अडखळायला होतं, फोनवर पार्टीशी बोलताना घाम फुटतो, असं काही असेल आणि तू ते लिहिलं नसशील, तर मग क्लासचा विचार जरूर कर, पण आधी एक दिवस फुकट बसून बघ की तिथे तुला बोलायला मिळतं की फळ्यावरची लिस्टच उतरवून घ्यायला लावतात. लिस्टच असेल तर तशी तुझ्याकडे आहे, दोनदा पाठ पण झालीय. आणि पूर्ण पगार एकदम भरू नकोस, हप्ते विचार, देतात.

सिनियरना काय म्हणायचं? भांडायला जाऊ नकोस, तुला तिथे रोज जायचंय. पण एकदा चहाच्या आधी, ते एकटे असताना, जाऊन सांग, "सर, मेलमध्ये काही चुकलं तर मला बाजूला बोलवून सांगाल काय, मी लगेच दुरुस्त करते." एवढंच. बहुतेक माणसं यावर ओशाळतात. नाही ओशाळले आणि परत वाचून दाखवलं, तर तेव्हा तो इंग्रजीचा प्रश्न उरत नाही, मग मॅनेजरना सांगायचं, आणि त्यात तुला व्याकरणाची शरम वाटायचं काही कारण नाही. (त्यांचे स्वतःचे मेल एकदा सहज वाच. 'सॉफ्टवेअर्स' आणि 'स्टेशनरीज' सापडले नाहीत तर मला कळव. सापडले तर गप्प बस, फक्त मनात हस.)

राहिली वहिनी. भाच्याला कुठल्या शाळेत घालायचं हे तिने आणि दादाने ठरवायचं, त्यात शाळा किती लांब आहे, फी किती, घरी अभ्यास कोण घेणार, पुढे पीयूसीला काय, अशी दहा कारणं असतात आणि ती खरी असतात. मराठी शाळेतच घाला असा माझा पण हट्ट नाही. फक्त "आत्यासारखं व्हायला नको" हे कारण त्यातून काढ, कारण इंग्लिश मीडियमची कित्येक पोरं माझ्याकडे शिकवणीला आलीयत आणि 'होमवर्क्स' न लिहिणारं त्यात एखाददुसरंच निघालं. रविवारी गावी जाशील तेव्हा नाश्त्याला त्याच्या समोर बस आणि सरळ चेहऱ्याने विचार, "काय रे, एक पोहा खातोस काय?" काय म्हणतो ते वहिनीला ऐकू दे.